उपकरण आणि त्याची डबी: एक लहानसा इतिहास

पडेगावात इतिहास म्हटलं की आपली मान आपोआप दौलताबादच्या रस्त्याकडे वळते. आज मात्र आपण किल्ल्याचा नाही, एका डबीचा इतिहास पाहणार आहोत. बॅटरीवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणाची डबी. डबीला कसला आलाय इतिहास, असं कुणालाही वाटेल. पण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं घटाचं उदाहरण देत आलो. माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. आणि घट कशासाठी? पाणी आणण्यासाठी. वेदान्ती म्हणतात, घट ही आकाशाची उपाधी. घट फुटला तरी आकाशाचं काही बिघडत नाही. पुष्कळ लोक उपकरणाच्या डबीकडे असंच पाहतात. खरं उपकरण म्हणजे आतलं सर्किट, डबी काय, शेवटी चढवायची. इतिहास याच्या उलट सांगतो.

१९५७ साल घ्या. अमेरिकेत मिनियापोलिसला डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत होते. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांच्या हृदयाचा ठेका बिघडे आणि काही दिवस विजेच्या बारीक झटक्यांनी तो सांभाळावा लागे. त्यासाठीचं यंत्र भलंमोठं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं. मूल वायर जाईल तिथवरच जाऊ शके. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज काही तास गेली. मराठवाड्यात भारनियमन भोगलेल्या माणसाला यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

लिलेहाय यांनी अर्ल बॅकन यांना बॅटरीवरचं काही करता येईल का, असं विचारलं. बॅकन गॅरेजमध्ये वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करत. एका मासिकात छापून आलेलं, संगीताचा ठेका देणाऱ्या यंत्राचं ट्रान्झिस्टरचं सर्किट त्यांना आठवलं. सुमारे चार आठवड्यांत ते सर्किट आणि बॅटरी एका ॲल्युमिनियमच्या डबीत बसली. साधारण चार इंच लांब-रुंद, दीड इंच जाड. आधी एका कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी बॅकन दवाखान्यात गेले, तर ती डबी एका बालरुग्णाला जोडलेली! आता म्हणजे बघा, हृदयाला झटका द्यायचं तत्त्व जुनंच होतं. नवं काय? तर आकार. यंत्र अंगावर बाळगता आलं आणि मूल भिंतीपासून मोकळं झालं.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये ही डबी शरीराच्या आत गेली. रुग्ण आर्ने लार्सन, शल्यविशारद ओके सेनिंग, इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट. एल्मक्विस्टनी सर्किटभोवती इपॉक्सी राळ ओतली आणि साचा म्हणून काय वापरलं? बुटाच्या पॉलिशची डबी! राळ घट्ट झाली की आतली बॅटरी बदलता येत नाही, म्हणून ती त्वचेबाहेरून चार्ज करायची सोय केली. म्हणजे डबी कशी बंद होणार, यावर आतली वीज कुठून येणार हे ठरलं. ते पहिलं उपकरण काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आयुष्यभरात त्यांना अशी २६ उपकरणं लागली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या आयआयटीत २०१४ साली राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं ‘बेटिक’ हे केंद्र उभं राहिलं. डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात, ते हे ठिकाण. तिथूनच पुढे आलेल्या ‘आयु डिव्हायसेस’नं डॉक्टरच्या नेहमीच्या स्टेथोस्कोपला जोडता येईल असं छोटं डिजिटल उपकरण केलं. २०२० च्या साथीत ब्लूटूथमुळे डॉक्टरला रुग्णापासून दूर राहून छातीतले आवाज ऐकता आले. इथंही डबी खिशात मावणारी नसती, तर ते कुणी वापरलं असतं?

अशा डब्या आधी करून पाहायच्या तर साचा महाग पडतो. पोलादी साच्याला लाखांनी रुपये लागतात. इथे थ्रीडी प्रिंटर कामाला आला. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देणाऱ्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि हे प्रिंटर स्वस्त झाले. आज आपला एखादा विद्यार्थी संध्याकाळी आकृती काढतो आणि सकाळी डबी हातात घेतो. पण छापली म्हणजे झाली, असं नाही. थरांचा जोड हा डबीचा कच्चा दुवा. ती पडली की तिथेच चिरते. थरांमधल्या बारीक खाचांत मळ आणि जंतू बसतात, त्यामुळे ती नीट पुसता येत नाही. पीएलए हे सर्वांत सोपं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात आपल्याकडे उन्हात बंद उभी केलेली गाडी आठवा! लिथियमची सपाट बॅटरी जुनी झाली की फुगते, तिला आत जागा ठेवावी लागते. झाकण पुन्हा पुन्हा उघडायचं असेल तर स्क्रूसाठी आत पितळी आटे बसवावे लागतात, नाहीतर प्लास्टिक झिजतं. म्हणून छापलेली डबी चुका शोधायला उत्तम. रुग्णापर्यंत जाणारी डबी तपासण्यांतून गेलेली हवी. साचे घडवणारी इंडो-जर्मन टूल रूम आपल्याच चिकलठाण्यात आहे, हेही तरुण मंडळींनी लक्षात ठेवावं.

आम्हाला यातून एवढंच म्हणायचं आहे. सर्किट आखताना आपण यंत्राचा विचार करतो. डबी आखताना माणसाचा करावा लागतो. बॅटरी कोण बदलणार? आशाताई की घरातली आजी? तिला बॅटरीची उलट-सुलट बाजू अंधारात बोटांनी कळेल का? ओल्या हातानं धरली तर चालेल का? तालुक्याच्या गावी ती उघडून दुरुस्त होईल का? हे प्रश्न आधी विचारले, तर आतलं सर्किटसुद्धा बदलतं. वेदान्तातली उपाधी बाजूला सारता येते. या उपाधीपासूनच सुरुवात करावी लागते.

आता प्रश्न घेऊ.