एचपीव्ही: साध्या संसर्गातून कॅन्सर कसा होतो?

लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही म्हणजेच ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचा संसर्ग होतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही आणि साधारण एक-दोन वर्षांत शरीर या विषाणूला स्वतःच हटवतं. पण काही स्त्रियांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारण ठरतो.

२०२२च्या अंदाजानुसार, भारतात वर्षभरात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. खरं तर हा कॅन्सर टाळता येण्यासारखा आहे.

एचपीव्ही म्हणजे नेमकं काय?

एचपीव्ही हा एकच विषाणू नाही. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे हातापायांवर चामखीळ येते, तर काहींमुळे जननेंद्रियांवर. सुमारे १४ प्रकार मात्र कॅन्सरच्या दृष्टीने धोकादायक मानले जातात. त्यातही १६ आणि १८ या क्रमांकांचे प्रकार सर्वांत घातक आहेत. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात.

विषाणू आणि कॅन्सरचा हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिला. त्यासाठी त्यांना २००८मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पेशीत काय बिघडतं?

गर्भाशयाचं तोंड जिथे योनीत उघडतं, तिथे दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी एकमेकींना भिडतात. हा भाग नाजूक असतो. तिथल्या बारीकशा इजेतून विषाणू आतल्या थरातल्या पेशींपर्यंत पोहोचतो.

आपल्या पेशींमध्ये दोन महत्त्वाचे पहारेकरी असतात. 'पी-५३' हे प्रथिन डीएनएमध्ये बिघाड झाला की पेशीचं काम थांबवतं आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावतं. 'आरबी' हे दुसरं प्रथिन पेशींच्या विभाजनावर ब्रेक लावतं.

धोकादायक एचपीव्ही 'ई-६' आणि 'ई-७' नावाची प्रथिनं तयार करतो. ई-६ मुळे पी-५३ नष्ट होतं आणि ई-७ मुळे आरबी निकामी होतं. मग बिघडलेल्या पेशीही वाढत राहतात आणि प्रत्येक विभाजनात नवे बिघाड साठत जातात. अनेकदा विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएमध्येच घुसतो आणि ही प्रथिनं आणखी जोमाने तयार होतात.

मग संसर्ग झाला म्हणजे कॅन्सर होणारच का?

नाही. आधी संसर्ग टिकून राहावा लागतो, मग पेशींमध्ये कॅन्सरपूर्व बदल होतात आणि त्यातले काहीच पुढे कॅन्सरपर्यंत जातात. धूम्रपान करणाऱ्या किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या स्त्रियांना धोका जास्त असतो. प्रतिकारशक्ती कमी असेल तर हाच प्रवास पाच ते दहा वर्षांतही पूर्ण होऊ शकतो.

टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून जोडीदारावर संशय घेण्याचंही कारण नाही. संसर्ग अनेक वर्षांपूर्वीचा असू शकतो. तो कधी आणि कोणाकडून झाला, हे टेस्टवरून कळत नाही.

लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर?

इथेच घात होतो. कॅन्सरपूर्व बदलांच्या काळात सहसा काहीही त्रास होत नाही. संबंधांनंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणं, ओटीपोटात दुखणं अशी लक्षणं दिसतात, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. याउलट कॅन्सरपूर्व बदल सापडले, तर तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो. गर्भाशय काढण्याची वेळ सहसा येत नाही.

तपासणीने किती फरक पडतो, हे महाराष्ट्रातच दिसलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात सहभागी होतं. २००९मध्ये निष्कर्ष आले. ज्या गावांत एचपीव्ही टेस्ट एकदाच झाली होती, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते.

तपासणी कधी करायची?

सरकारी कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी. 'व्हीआयए' या साध्या चाचणीत गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक अॅसिड लावतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. याशिवाय पॅप स्मिअर आणि एचपीव्ही टेस्ट हे पर्याय आहेत.

लस कोणासाठी?

लस संसर्ग होण्याआधी दिली तर सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून ९ ते १४ वर्षांच्या मुलींवर भर असतो. १५ वर्षांखालील मुलींसाठी दोन डोस पुरतात, तर ९ ते २० या वयोगटात एका डोसचा पर्यायही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांपासून संरक्षण देते.

एचपीव्हीमुळे पुरुषांनाही घसा, गुदद्वार आणि लिंगाचा कॅन्सर होऊ शकतो. त्यामुळे काही देशांत मुलग्यांनाही लस दिली जाते.

मात्र आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही आणि लसीत धोकादायक असे सगळे प्रकार नसतात. त्यामुळे लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायलाच हवी. मुलीच्या लसीसाठी दवाखान्यात गेलेल्या आईने त्याच वेळी स्वतःच्या तपासणीबद्दलही डॉक्टरांना विचारावं.