कमोगी : नाव, काठी आणि स्कर्ट

हर्लिंग हा आयर्लंडचा जुना खेळ. टोकाला चपटी, वाकडी काठी आणि लहानसा कडक चेंडू. बायका हाच खेळ खेळू लागल्या तेव्हा त्याला वेगळं नाव द्यायचं ठरलं. आम्ही तत्त्वज्ञानवाले अशा जागी अडकतोच. पुरुषांच्या काठीला आयरिशमध्ये 'कमॉन' म्हणतात. 'कम' म्हणजे वाकडं. भाषापंडित टाइग ओ डोनखा यांनी बायकांच्या आखूड काठीसाठी 'कमोग' हे रूप घेतलं, त्यावरून 'कमोगी'. म्हणजे खेळ जवळपास तोच, पण नावातच धाकटेपण आलं!

पहिला जाहीर सामना १७ जुलै १९०४ रोजी नॅव्हनला झाला. गेलिक लीगमधल्या या मुलींना भाषाही जगवायची होती. मॉरा नी खिन्नेडा या लेखिका संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा. स्कर्ट घोट्यापर्यंत लांब, आणि त्याने चेंडू अडवला तर फाउल! पुढे १९३२ साली पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा डब्लिनने जिंकली. संघात बाराजणी असत. १९९९ पासून पुरुषांसारख्या पंधरा झाल्या.

स्कर्ट मात्र सुटला नाही. स्कर्ट, नाहीतर आत चड्डी असलेला 'स्कॉर्ट', हाच नियम. तो बदलायचे ठराव २०२४ मध्ये फेटाळले गेले. मे २०२५ मध्ये डब्लिन आणि किल्केनीच्या खेळाडू शॉर्ट्स घालूनच मैदानात उतरल्या. बदला, नाहीतर सामना रद्द, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी कपडे बदलले, सामना झाला. पण वाद थांबला नाही. त्याच महिन्याच्या २२ तारखेला खास अधिवेशन भरलं आणि सुमारे ९८ टक्के मतांनी शॉर्ट्सची मुभा मिळाली.