अंतर्जात रेट्रोव्हायरस व मानवी कर्करोग

पूर्वजांच्या बीजपेशींत कधीकाळी शिरलेले, तिथल्या डीएनएत कायमचे बसलेले आणि तेव्हापासून आईबापांकडून मुलांकडे वारशाने येत राहिलेले विषाणूंचे अवशेष म्हणजे अंतर्जात रेट्रोव्हायरस. मानवी जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग त्यांनी व्यापला आहे. प्रथिने घडवणारा मजकूर जेमतेम दीड टक्का भरतो, हे पाहता पागडीच्या या जुन्या भाडेकरूंकडे घरमालकापेक्षा जास्त खोल्या आहेत.

रेट्रोव्हायरसची जनुके आरएनएवर असतात. हा विषाणू पेशीत गेल्यावर आरएनएची डीएनए-नक्कल करून ती यजमानाच्या डीएनएत शिवून टाकतो. ही उलटी नक्कल करणारे विकर हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. शिवण एरवीच्या पेशीत पडली तर ती त्या माणसाबरोबर संपते. अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत पडली तर वंशात उतरते. पुढे उत्परिवर्तनांनी विषाणूची जनुके मोडतात, बहुतेक ठिकाणी मधला भाग गळून जातो आणि दोन टोकांपैकी एकच पुनरावृत्त तुकडा, एलटीआर, उरतो. कर्करोगाच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच, कारण शेजारचे जनुक चालू करण्याची कळ त्याच्यात असते. निरोगी पेशी या कळा मेथिल गटांची कुलुपे लावून बंद ठेवते. कर्कपेशीत ही कुलुपे सैल होतात.

या विषयाची एक वाट परळमधून जाते. १९३६ मध्ये जॉन बिट्नर यांनी अमेरिकेत उंदरांची पिल्ले जन्मताच बदलली. कर्करोगप्रवण वाणाची पिल्ले दुसऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली, तेव्हा त्यांच्यातले स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण उतरले. म्हणजे दुधातून काहीतरी जात होते. ते उंदरांच्या स्तनार्बुदाचा विषाणू निघाले. मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे (जन्म पुणे, १९१७) यांनी उंदरांच्या वाणांवर काम करून संप्रेरके, हा विषाणू आणि रोगप्रवणता यांचे नाते तपासले. देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळाही त्यांनी तिथेच उभी केली.

मग माणसाच्या दुधात तसेच काही आहे का, हा प्रश्न ओघानेच आला. पारशी स्त्रियांत स्तनांचा कर्करोग जास्त आढळतो, हे टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांना ठाऊक होते. मुंबईतील पारशी मातांच्या दुधाचे नमुने न्यू जर्सीतील डॅन मूर यांच्या गटाबरोबर तपासले गेले. १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या शोधनिबंधाच्या लेखकांत परळच्या सत्यवती सिरसाट यांचे नाव आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसले: गोल, वर काटे, गाभा मध्यावर नसून एका कडेला सरकलेला. पण कण दिसणे आणि त्यांनी रोग होणे यांतले अंतर पुढे भरून निघाले नाही. अंगावर पाजल्याने मुलींना हा रोग जडतो असेही आढळले नाही. उलट पाजणाऱ्या आईचा धोका थोडा कमीच होतो.

शोध मात्र पूर्ण वाया गेला असे म्हणवत नाही. उंदराच्या त्या विषाणूची भावंडे पुढे माणसाच्या डीएनएतच सापडली. त्यांच्या एचएमएल या गटनामाचा अर्थच ‘उंदरांच्या स्तनार्बुद विषाणूसारखे मानवी’ असा आहे. त्यांतील एचएमएल-२ ही शाखा सर्वांत ताजी. तिची प्रथिने व कण वृषणाच्या जननपेशींपासून झालेल्या गाठींत आढळतात. तरीही तिच्यामुळेच माणसाला कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. वर्तमानपत्री मथळे इथे हमखास घसरतात. हे अवशेष संसर्गाने पसरतही नाहीत.

कळांचा पुरावा जास्त भक्कम आहे. हॉजकिन लिम्फोमात टीएचई१बी नावाचा एलटीआर उघडा पडतो आणि एरवी भक्षकपेशींत लागणारे सीएसएफ१आर जनुक भलत्याच पेशीत चालू करतो. हे २०१० मध्ये दिसले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एलटीआर१० असाच जागा होतो. २०२४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील गटाने डीएनए-दुरुस्तीच्या एक्सआरसीसी४ या जनुकाजवळचा असा एक तुकडा निकामी केला, तेव्हा उंदरांतील गाठी किरणोपचाराला अधिक नमल्या.

कुलुपे उघडण्याचा उलटा उपयोगही होतो. मेथिल गट काढणाऱ्या औषधांनी अंडाशयाच्या व आतड्याच्या कर्कपेशींतले अवशेष जागे होऊन दुपदरी आरएनए बनवतात. पेशीला विषाणूच आल्याचा भास होतो आणि ती इंटरफेरॉनचा गजर करते. हे २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवले. त्या वर्गातले अझासायटिडीन हे औषध अमेरिकेत रक्तविकारासाठी २००४ मध्येच मंजूर झाले होते. म्हणजे हे कळण्याआधीच रुग्ण ते अकरा वर्षे घेत होते.