कर्जतचा बँकर

इंग्रजीच्या वहीत एका मुलाने लिहिले होते, 'बँकर म्हणजे मागून ढकलणारा.' मी लाल शाईने फुली मारली. शब्दकोशात पेढीवाला, सराफ असे अर्थ होते. मुलगा कर्जत स्टेशनाजवळच्या चाळीतला. त्याने वाद घातला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

त्याचे म्हणणे मला ठाऊक नव्हते थोडेच! पुण्याकडच्या कितीतरी गाड्या कर्जतला थांबतात त्या काही केवळ बटाटेवड्यासाठी नव्हे. मागे बँकर इंजिने जोडावी लागतात. (२०२३ साली सुरू झालेली वंदे भारत मात्र त्यांच्यावाचून चढते.) रूळ १८५६ सालीच खालापुरातल्या खोपोलीपर्यंत आले होते, पण बोरघाट चढायला १८६३ साल उजाडले. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढण. कुठे कुठे सदतीस फुटांमागे एक फूट!

इंग्रजीत 'बँक' म्हणजे नदीचा काठ, मातीचा उंचवटा, उतार. रेल्वेवाले चढणीलाही बँक म्हणतात. चढणीवर ढकलणारा तो बँकर. पैशांची बँक इटलीहून आली. तिथले सराफ बाकावर नाणी मांडून बसत, त्या बाकाचे नाव 'बांको'. काठाची बँक उत्तरेकडून आली. पण मागे जावे तर दोघींचे मूळ एकच, जुने जर्मानिक.

इटालियन माणसाचा असा घोटाळा होत नाही. पेढी ती 'बांका', नदीकाठ तो 'रीवा', बांध तो 'आर्जिने'. आणि आपले इंजिन? 'लोकोमोतीवा दी स्पिंता'. स्पिंता म्हणजे ढकलणे. त्या पोराने न कळत इटालियन अर्थच लिहिला होता की!

मौज अशी, की तो ज्या बाकावर बसून लिहीत होता तो बाकही त्याच कुळातला. पोर्तुगिजांकडून मराठीत आलेला. सराफ बुडाला की इटलीत त्याचा बाक मोडत, म्हणून 'बांकारोत्ता' असे सांगतात. आपल्याकडे बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावी, त्यावरून दिवाळे, असे म्हणतात. ऐन सणात हा शब्द काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

दोन दिवसांनी मी वही परत मागितली, फुली खोडली आणि त्याला पुरे उत्तर विचारले. तो म्हणाला, "मास्तर, कर्जतला लागतो नि लोणावळ्याला सुटतो." तेवढे मी समासात लिहून घेतले.