खटक्याचा आवाज

बरेलीला पोस्टिंग आली तेव्हा बरोबरची मंडळी नैनितालचे बेत करत होती. माझ्या डोक्यात मात्र रामपूर होतं. बरेलीहून मुरादाबादच्या रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर. तिथे जायचं कारण सहा वर्षं जुनं होतं आणि लडाखमधलं होतं. ते आधी सांगतो, म्हणजे हा चाकूंचा इतिहास मी का धुंडाळत बसलो ते कळेल.

मी ईएमईचा आर्मरर. काम हत्यारांचं, पण पोस्टवर आर्मररकडे स्टोव्हपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सगळंच येतं. आमच्यात तासगावकडचा एक पोरगा होता. सुट्टीवरून परतताना त्याने कुठल्याशा स्टेशनबाहेर खटक्याचा चाकू घेतला होता. "उस्ताद, पातं हलतंय," म्हणाला. मी रिव्हेट ठोकून घट्ट केली, खटक्याच्या खाचेत बोटाने ग्रीस भरलं, दोन-तीनदा उघडमीट केली. खट्ट असा छान आवाज आला. "घे, आता दहा वर्षं बघायला नको," म्हणून चाकू परत दिला.

चौथ्या रात्री त्याने त्या चाकूचं टोक दुधाच्या डब्यात खुपसलं आणि दाबून पिळलं. खटका सुटला, पातं मुठीवरच्या बोटांवर मिटलं. तर्जनीची कंडरा तुटली. हवामानामुळे त्याला खाली न्यायला दोन दिवस लागले आणि ते बोट पुढे कधी पुरतं वाकलं नाही. तर्जनी म्हणजे ट्रिगरचं बोट. त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली, आणि पेन्शनची पंधरा वर्षं भरताच तो घरी गेला.

मला कोणी जबाबदार धरलं नाही. चाकू खासगी, रजिस्टरला नोंद नाही. पण नंतर मी तो सुटा केला तेव्हा खाचेत माझंच ग्रीस होतं, थंडीने मेणासारखं घट्ट झालेलं, आणि त्यात लडाखची बारीक धूळ. दात खाचेत अर्धाच उतरत होता. अर्धा उतरला तरी आवाज मात्र पुरता येत होता. उणे वीसमध्ये रायफल पुसून कोरडी ठेवायची असते, हे मी रोज इतरांना शिकवत होतो.

तेव्हापासून मी खटक्यामागे लागलो. मिटणाऱ्या चाकूत दोन वेगळ्या रचना असतात आणि बाजारात दोन्हींना खटकाच म्हणतात. एक म्हणजे नुसती पाठीवरची कमान. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, पातं उघडं राहतं, पण उलटा जोर दिला की मिटतं. शेफील्डचे कारागीर सतराव्या शतकापासून असे चाकू करत आले. दुसरी म्हणजे खरी अडकण. पात्याच्या बुडाला दात, कमानीला खाच किंवा भोक. दात त्यात बसला की कमान उचलल्याशिवाय पातं हलत नाही.

फौजांनी पुष्कळ वर्षं पहिल्या प्रकारावरच भागवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि आपल्या जवानांच्या कमरेला जो क्लास्प नाइफ असे, त्यात जाड पातं, डबा फोडायचं पातं आणि दोराच्या गाठी सोडवायचा टोचा होता. अडकण नव्हती. स्विस सैन्याने १८९१ मध्ये जवानाला चाकू दिला तो मुख्यतः पेचकसासाठी, कारण त्यांची १८८९ची रायफल खोलायला तो लागे. त्या चाकूचं मोठं पातं अडकवायला त्यांनी २००८ उजाडू दिलं. फ्रान्समधल्या साव्हॉयच्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये अडकण आली, तीही स्प्रिंगशिवाय. मुठीच्या तोंडाशी पोलादाचं एक कडं, ते हाताने फिरवायचं. माझ्या मते ही सगळ्यात शहाणी अडकण. आवाज नाही, ऐट नाही, पण कडं कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

स्प्रिंगच्या अडकणीची खरी हौस स्पेनला. तिकडच्या नवाखा नावाच्या चाकूत कमानीला भोक असतं, दात त्यात वर येऊन बसतो, आणि मिटताना कमान उचलायला छोटी कडी असते. पुढे एका दाताऐवजी दातांची ओळच आली, म्हणजे उघडताना कर्र-कट-कट-कट असा आवाज. सरकारला पात्याइतकीच धास्ती या कमानीची वाटत होती. तिसऱ्या कार्लोस राजाने १७६१ मध्ये, म्हणजे आपल्या पानिपताच्याच साली, बंदी घातलेल्या हत्यारांच्या यादीत स्प्रिंगने अडकणारी नवाखा नाव घेऊन घातली. आपल्याकडे दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये काढलेल्या अधिसूचनेत तेच दिसतं. स्प्रिंगचे, 'गरारीदार' आणि 'बटनदार' चाकू, ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याचे. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. गरारी म्हणजे तीच दातांची ओळ. सुमारे दोनशे वीस वर्षांच्या अंतराने दोन दूरच्या सरकारांनी एकाच भागावर बोट ठेवलं.

आता रामपूर. हे संस्थान जन्माला येण्यात आपला आडवळणाने हात आहे, हे तिथल्या किल्ल्यात फिरताना मला फार गमतीचं वाटलं. १७७२ मध्ये मराठी फौजा रोहिलखंडात शिरल्या. घाबरलेल्या रोहिल्यांनी अवधच्या नवाबाशी करार केला, मराठ्यांना हटवा, चाळीस लाख देतो. मराठे परत गेले, पैसे काही मिळाले नाहीत. म्हणून १७७४ मध्ये नवाबाने कंपनीच्या पलटणी भाड्याने घेऊन रोहिल्यांना बुडवलं, आणि तहात फैजुल्ला खानाच्या वाट्याला जे उरलं ते रामपूर. त्याच फैजुल्ला खानाच्या पुस्तकांच्या संग्रहातून तिथली रझा लायब्ररी उभी राहिली. आपले भातखंडे याच दरबारच्या वजीर खाँसाहेबांकडे शिकले. एवढं सगळं असून देशभर गावाचं नाव झालं ते चाकूने.

चाकूची गल्ली मला वाटली होती त्यापेक्षा खूपच लहान निघाली. तीन-चार दुकानं, त्यातही बाहेरून आलेला चकचकीत माल जास्त. एका म्हाताऱ्या कारागिराला मी लडाखचा चाकू दाखवला. तो मी इतकी वर्षं ट्रंकेत ठेवला होता. आवाज ऐकवायला मी तो उघडू लागलो तर चाचांनी हात धरला. म्हणाले, "आवाज़ रहने दो साहब, वो तो गाहक के लिए है।" मग त्यांनी पातं उघडलं, पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवली आणि मुठीवर बेताने जोर दिला. बोटं पात्याच्या वाटेत अजिबात नाहीत. खटका सुटला. नंतर सुईने खाच खरवडली आणि निघालेली काळी वडी माझ्या तळहातावर ठेवली.

मी तासभर तिथे बसलो. त्यांनी स्वतःच्या वडिलांनी केलेला चाकू दाखवला. रचना नवाख्याचीच, भोकाची कमान आणि कडी. कमान अजून नव्यासारखी ताठ. आर्मरर असून माझी समजूत होती की जुन्या चाकूत आधी स्प्रिंग मरते. हिशेब केला तर तसं होऊ नये. दिवसाला दहा वेळा चाकू उघडला तर तीस वर्षांत एक लाख दहा हजार वेळा कमान वाकते. नीट पाणी दिलेली पोलादी पट्टी आपल्या मर्यादेत वाकत असेल तर हे आरामात सोसते. (भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग मरते, यावर बॅरेकमध्ये मी किती वाद घातलेत! दाबून ठेवल्याने चांगली स्प्रिंग बिघडत नाही.) मुख्य गोष्ट पाण्याची. पोलाद लाल करून बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं. ते पुन्हा हळूहळू तापवायचं, गवती पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग चढतात, आणि निळा आला की थांबायचं. निळ्याआधी काढलं तर कमान एक दिवस कडकन मोडते. निळा ओलांडला तर बसते, परत येत नाही. चाचांकडे त्यासाठी वेगळं काही साधन नव्हतं, एक भट्टी आणि अंधारा कोपरा. उन्हात तापल्या पोलादाचा लाल रंग नीट कळत नाही, म्हणून अंधार.

झिजतो तो दात. खाचेची कड. आणि रिव्हेट. रिव्हेट केसभर सैल झाली की दात तिरका बसतो, तिरका बसला की कड गोल होते, गोल कडेवरून दात घसरतो. आणि गरारीच्या चाकूत तर प्रत्येक उघडण्याला कमान सगळ्या दातांवरून घासत जाते. ज्या कट-कट-कटसाठी गिऱ्हाईक जादा पैसे देतं, तीच अडकण खाते. मला हे तिथे बसल्यावर कळलं, आणि शरमही वाटली, कारण मीही आवाज ऐकूनच चाकू पास केला होता.

आवाजाचं वेड सिनेमाने वाढवलं. १९६५च्या 'वक्त'मधला राजकुमार आणि त्याचा चाकूचा संवाद आठवत नाही असा माझ्या वयाचा माणूस विरळा. पुढे प्रत्येक खलनायकाच्या हातात रामपुरी आला, आणि कॅमेऱ्याला पातं दिसण्याआधी खटका ऐकू येऊ लागला. मग नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली. बंदी चूक होती असं मी म्हणणार नाही. वर्दीतल्या माणसाने रस्त्यावरच्या सुऱ्याची बाजू घेऊ नये. पण लांब चाकूंबरोबर निळा रंग ओळखणारे हातही गेले. चाचांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात वीस फुटी चाकू उभारल्याची बातमी वाचली. फोटोत पातं सताड उघडं आहे.

निघताना मी चाचांकडून एक चाकू करून मागितला. पातं चार इंच, दात एकच, गरारी नको. त्यांनी विचारलं, आवाज कमी येईल, चालेल? दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा तयार होता. मी आधी ठोकळा मागितला, पाठ टेकवून जोर दिला. चाचा बघत होते, काही बोलले नाहीत. पाठीला त्यांनी खाच साफ करायची एक सुई कागदात गुंडाळून बांधली होती.

तो चाकू तासगावला पाठवायचा माझा विचार होता. बायको म्हणाली, आधी विचारा तरी त्याला. फोन केला. रामपूर, चाचा, ग्रीस, सगळं सांगितलं. ग्रीसचं पहिल्यांदाच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, ते मला तेव्हाच माहीत होतं. हॉस्पिटलात पट्टी बांधताना हाताला लागलेलं ग्रीस पुसून काढत होते." चाकू पाठवू का विचारलं तर हसला. "नको. आमच्या द्राक्षांना कात्री लागते."