१६ मार्च १९८० : एकविसाव्या ओळीतली अक्षरे

अमेरिकेतील कर्णबधिर प्रेक्षकांना घरबसल्या टीव्हीवरचे संवाद ‘वाचता’ येऊ लागले ते १६ मार्च १९८० रोजी. त्या रविवारी एबीसी, एनबीसी आणि पीबीएस या वाहिन्यांवरून क्लोज्ड कॅप्शन असलेले कार्यक्रम नियमित सुरू झाले. ‘सिअर्स’च्या दुकानातून डिकोडरची पेटी आणून टीव्हीला जोडायची, की अक्षरे उमटत; पेटी नसलेल्या शेजारच्या घरात तोच कार्यक्रम अक्षरांविना चाले.

अमेरिकेतील ॲनालॉग टीव्हीच्या चित्रात ५२५ ओळी असत. त्यांतल्या वरच्या काही ओळी पडद्यावर दिसतच नसत. त्यांपैकी एकविसावी ओळ कॅप्शनसाठी राखून ठेवली होती. दर फ्रेममागे तीत दोनच अक्षरे मावत. प्रत्येकाचे सात बिट आणि चूक ताडायला आठवा. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे साठेक अक्षरे! आज हा वेग क्षुल्लक वाटेल, पण बोलण्याशी मेळ राखायला तो पुरून उरे.

खरी अडचण त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागणाऱ्या पेटीचीच होती. १९९० च्या कायद्याने ती सुटली. जुलै १९९३ पासून १३ इंची व त्याहून मोठ्या नव्या टीव्हीत डिकोडर आतच बसवणे कंपन्यांना बंधनकारक झाले.