अंगारकाची जपानी नात

दिवा-रोहा गाडीने पेण सोडलं, तशी भाचीने वही माझ्या मांडीवर सरकवली. लाल आखूड झगा, कमरेखाली पोचणारे काळे केस आणि दोन बोटांत धरलेला एक उभा, कोरा कागद. ‘सेलर मार्स,’ ती म्हणाली. ‘मंगळ गं, आत्या. मंगळाची मुलगी.’

समोरच्या बाकावरच्या बाईंनी मान वर केली. त्या दिवशी अंगारकी होती, निम्म्या डब्याला उपास होता, आणि ‘मंगळाची मुलगी’ हे शब्द आपल्याकडे कोणी एवढ्या आनंदाने उच्चारत नाही. माझ्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ आहे. पेणला आमच्या घरी एका स्थळाने पोहे खाल्ले, पत्रिका नेली आणि ‘कळवतो’ म्हटलं. त्याला आता तीस वर्षं होतील. पोहे मात्र चांगले झाले होते.

पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं, एवढ्या घरांत मंगळ नको. बारातली पाच म्हणजे शंभरातल्या एकेचाळीस-बेचाळीस पत्रिका हिशेबानेच सदोष. मग अपवादांची यादी काढायची आणि त्यातल्या निम्म्या सोडवायच्या. मुलग्यांनाही मंगळ असतो म्हणे, विचारतं कोण?

गंमत अशी, की हे जिथे झालं ते गाव मंगळाला वर देणाऱ्या देवावर जगतं. गणेशपुराणातली गोष्ट आहे. भारद्वाज ऋषी आणि भूमी यांचा मुलगा भौम, निखाऱ्यासारखा लाल. त्याने तप केलं, माघ वद्य चतुर्थीला मंगळवारी गणपती प्रसन्न झाला, आणि मंगळवारी येणारी चतुर्थी त्या मुलाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अंगार म्हणजे निखारा, म्हणून तो अंगारक आणि ती अंगारकी. देवाचं मंगलमूर्ती हे नावही याच प्रसंगावरून पडलं, असं कथेकरी सांगतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात, रंगतात, शेवटी डोळ्यांची आखणी होते. त्याच गावात मुलीच्या पत्रिकेतला मंगळ मात्र दबक्या आवाजात सांगायचा.

वहीतल्या मुलीचं कूळ शोधायचं, तर याच ‘अंगारक’ नावाचा धागा धरावा लागतो. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध भिक्षूने चीनमध्ये नक्षत्रं, ग्रह आणि वार यांवरचा एक ग्रंथ चिनी भाषेत सिद्ध केला. जपानी लोक त्याला ‘सुकुयो-क्यो’ म्हणतात. सात वारांच्या स्वामींची नावं त्यात सोग्दी, फारशी आणि भारतीय अशी तीन प्रकारे दिली आहेत. मंगळाचं भारतीय नाव चिनी अक्षरांत उच्चारानुसार लिहिलंय, ते अंगारक. ८०६ मध्ये कूकाई हा भिक्षू चीनहून जपानला परतला, तेव्हा त्याच्या पोथ्यांत हा ग्रंथ होता. पेणकर ज्या शब्दाने उपास धरतात तो शब्द बाराशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेला, आणि त्याला कोणी पत्रिका विचारली नाही.

पण वार तरी भारताचेच का? तसंही नाही. एरणच्या शिलालेखात गुप्त संवत १६५ मधला, म्हणजे इ.स. ४८४ मधला, गुरुवार नोंदलेला आहे. वार लिहिणारा आपल्याकडचा तो सर्वांत जुना ज्ञात लेख. त्याआधीच्या तिथी-नक्षत्रांच्या नोंदी रग्गड सापडतात, वार नाही. वारांमागचं होऱ्यांचं गणित ग्रीक ज्योतिषाबरोबर आलं. ‘होरा’ हा शब्दच ग्रीक. आर्यभटानेही हे गणित सांगितलंय. गाडी कासूला थांबली तेव्हा मी भाचीला बोटांवर मोजून दाखवलं. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र: मंद ग्रहापासून शीघ्र ग्रहापर्यंतचा हा क्रम. रविवारचा पहिला तास रवीचा, दुसरा शुक्राचा, असे चोवीस तास वाटत गेलं, की पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, चंद्राच्या वाट्याला येतो. म्हणून सोमवार. पुन्हा चोवीस मोजले की मंगळ. तिने बुधवारापर्यंत स्वतः मोजलं आणि मग कंटाळली.

जपानमध्ये हे वार दरबारी पंचांगात शिरले. फुजिवारा नो मिचिनागा हा बडा सरदार अकराव्या शतकाच्या आरंभी ज्या पंचांगावर रोजनिशी लिहायचा, त्यावर वार आहेत. पुढे ते मुहूर्तापुरते उरले, पण १८७३ मध्ये जपानने पाश्चात्त्य कॅलेंडर स्वीकारलं तेव्हा वारांची नावं घरातच होती. फक्त चिनी पद्धतीने ग्रहांना पंचतत्त्वं जोडलेली. मंगळ म्हणजे ‘कासेई’, अग्नीचा तारा. मंगळवार म्हणजे ‘कायोबी’, अग्नीचा वार. अंगारकाचा निखारा तिथेही विझला नाही.

नाओको ताकेउचीची ‘सेलर मून’ ही चित्रकथा १९९१ च्या अखेरीस सुरू झाली आणि १९९२ च्या मार्चमध्ये तिची अॅनिमे आली. तिच्यातल्या मुली शाळेचा नाविकी गणवेश घालतात आणि एकेक ग्रह अंगावर वागवतात. बुधाची आमी मिझुनो, तिच्या आडनावात पाणी. गुरूची माकोतो किनो, तिच्यात लाकूड. मंगळाची रेई हिनो, म्हणजे वहीतली सेलर मार्स, तिच्यात आग. शुक्राला मात्र धातू हे तत्त्व असूनही मिनाको आइनो हिच्या नावात ‘आइ’, म्हणजे प्रेम. तिथे चीनला रोमन व्हीनसने मागे सारलं. ही सरमिसळ मला सगळ्यात आवडते. रेई शिंतो देवळात सेवा करणारी मिको आहे (ताकेउचीनेही ते काम केलं होतं). हातातल्या मंत्राच्या कागदाने ती भुतं पळवते. तिच्या एका अस्त्राच्या नावात चक्क ‘मंडल’ आहे. आणि तिचे दोन पाळीव कावळे म्हणजे फोबोस आणि डायमॉस! आसफ हॉलने १८७७ मध्ये शोधलेले मंगळाचे हे दोन चंद्र, नावं ग्रीक युद्धदेवाच्या मुलांची. खरा फोबोस साडेसात तासांहून थोड्या अधिक वेळात मंगळाभोवती फेरी मारतो, मंगळाच्या दिवसापेक्षा कितीतरी लवकर. म्हणून तिथून पाहिलं तर तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. कावळ्याला शोभेल असंच वागणं.

मग मी मोबाइलवर त्यांच्या वाढदिवसांच्या तारखा काढल्या. रेई १७ एप्रिल: मेष, स्वामी मंगळ. आमी १० सप्टेंबर: कन्या, स्वामी बुध. माकोतो ५ डिसेंबर: धनू, स्वामी गुरू. मिनाको २२ ऑक्टोबर: तूळ, स्वामी शुक्र. आपल्या कुठल्याही पंचांगाच्या मागच्या पानावरचं कोष्टकच हे. अर्थात ही पाश्चात्त्य सूर्यरास झाली. आपल्या निरयन मोजणीत सुमारे चोवीस अंशांचा फरक पडतो, त्यामुळे आमी सिंहेत आणि माकोतो वृश्चिकेत सरकते. मिनाको आणि रेई जागच्या हलत नाहीत. मंगळाची मुलगी दोन्ही पंचांगांत मंगळाचीच.

जपान मुलींच्या बाबतीत आपल्याहून शहाणा होता, असं समजू नये. साठ वर्षांतून एकदा तिथे ‘हिनोएउमा’, अग्नी-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली बाई नवऱ्याला खाते, अशी समजूत. कडक मंगळाचंच भावंड हे. १९६६ मध्ये ते वर्ष आलं आणि देशातले जन्म एका वर्षात सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले. एवढ्या लोकांनी मूलच टाळलं. ताकेउचीचा जन्म १९६७ च्या मार्चमधला. आगीला भिणाऱ्या त्या वर्षाच्या पाठोपाठ जन्मलेल्या बाईने आगीची मुलगी काढली, तिला देवळात ठेवली आणि भुतं पळवायच्या कामाला लावली. तिच्या डोक्यात हा हिशेब होता असं मी म्हणत नाही. माझ्या डोक्यात मात्र आहे.

नागोठणे गेलं, निडी गेलं. समोरच्या बाईंनी पिशवीतून बटाट्याचा कीस काढून आम्हा दोघींना दिला आणि वही मागून घेतली. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, ‘पायात काय घातलंय हो हिने?’ लाल उंच टाचांचे बूट होते. ‘बरंय,’ त्या म्हणाल्या आणि वही परत केली.

मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे तिथून सुरू होते. गाडी तिथे सावकाश शिरली. सामान काढताना भाचीने विचारलं, ‘आत्या, तुझा मंगळ कितव्या घरात म्हणालीस?’

‘आठव्या.’

तिने पेन्सिल काढली आणि रेईच्या बोटांतल्या कोऱ्या कागदावर ठळक ८ काढला.